वाचकांचे प्रश्न : बीफ शॉर्ट रिब्ज, मंद आच आणि तीन तासांचा धीर

डिसेंबरच्या अंकात या सदरात रेड वाइनमध्ये शिजवलेल्या बीफ शॉर्ट रिब्जची, म्हणजे गुरांच्या बरगड्यांच्या खालच्या भागातल्या मांसल तुकड्यांची, कृती दिली होती. बाहेर बर्फ साचलेला असताना ओव्हन तीन-चार तास चालू राहिला तर घरातल्या सगळ्यांनाच बरे वाटते, अशा मुलखात राहणाऱ्या वाचकांसाठी ती मुख्यतः होती. पत्रे मात्र मिनेसोटा आणि आल्बर्टाबरोबर मडगावहून आणि पुण्याहूनही आली. ज्यांच्या हाती तो अंक नाही, त्यांच्यासाठी कृती थोडक्यात पुन्हा देते. चार माणसांसाठी हाडासकट १.८ किलो शॉर्ट रिब्ज घ्याव्यात आणि त्यांना आदल्या रात्री मीठ चोळून फ्रिजमध्ये उघड्या ठेवाव्यात. दुसऱ्या दिवशी जाड बुडाच्या पातेल्यात त्या सर्व बाजूंनी गडद तपकिरी होईपर्यंत परतून बाहेर काढाव्यात. त्याच चरबीत दोन कांदे, दोन गाजरे, सेलरीच्या दोन दांड्या, लसणाचा एक गड्डा आणि दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट परतावी. त्यावर ७५० मिलिलिटर वाइन ओतून ती निम्मी आटवावी. मग अर्धा लिटर बीफ स्टॉक, थाइमच्या काड्या आणि बे लीफची दोन पाने घालून, मांस परत पातेल्यात ठेवून, घट्ट झाकण लावून ओव्हनमध्ये १५० अंश सेल्सिअसला, म्हणजे ३०० अंश फॅरनहाइटला, सुमारे तीन तास शिजवावे. आता प्रश्नांकडे वळू.

प्रश्न : दुकानात शॉर्ट रिब्ज या एकाच नावाखाली तीन निरनिराळे प्रकार दिसले. एक हाडावरचा जाड ठोकळा, दुसरी तीन-चार हाडांचे गोल काप दिसणारी पातळ पट्टी आणि तिसरा बिनहाडाचा तुकडा. कोणता घ्यावा? (एक वाचिका, मिनियापोलिस)

उत्तर : आपल्या कृतीसाठी पहिला. बरगडी आहे तशी लांबीने ठेवून दोन हाडांच्या मधून कापले की प्रत्येक तुकड्याला एकच हाड आणि त्यावर मांसाचा जाड थर मिळतो. अमेरिकेतले खाटीक याला इंग्लिश कट म्हणतात. पातळ पट्टीत बरगड्या आडव्या कापलेल्या असतात. तिला फ्लँकन म्हणतात, आणि तीच आणखी पातळ कापली की कोरियन दुकानात गाल्बी म्हणून मिळते. ती मॅरिनेट करून कडक आचेवर झटपट भाजण्यासाठी असते. अगदी पातळ पट्टी तीन तास शिजवली तर पातेल्यात शेवटी धागे आणि हाडांच्या चकत्या एवढेच उरते. बिनहाडाचा तुकडा सोयीचा खरा. मात्र पुष्कळदा तो बरगडीवरचा नसून खांद्याच्या भागातून, म्हणजे चक रोलमधून, कापलेला असतो. तो शिजतो चांगला, पण रश्श्याला तितका दाटपणा येत नाही.

हाडाच्या ठोकळ्यांतही दोन जाती आहेत. गुरांना बरगड्यांच्या तेरा जोड्या असतात. त्यांपैकी पुढच्या, खांद्याखालच्या बरगड्यांवरून येतात त्या चक शॉर्ट रिब्ज आणि त्यांच्या मागच्या, सहाव्या ते आठव्या बरगडीच्या खालच्या भागावरून येतात त्या प्लेट शॉर्ट रिब्ज. प्लेटचे तुकडे दांडगे, लांब हाडाचे आणि जास्त चरबीचे असतात, आणि टेक्सासमध्ये ते धुरावर भाजायला घेतात. घरच्या पातेल्यात चकचे तुकडे नीट मावतात आणि त्यांत मांसाचे प्रमाणही चांगले असते. तुकडा हातात घेऊन बाजूने पाहावा. हाडापासून वरच्या चरबीपर्यंत मांस किमान चार सेंटिमीटर जाड असावे आणि लाल मांसात पांढऱ्या रेषा सर्वदूर पसरलेल्या असाव्यात. एका बाजूला चरबीचा जाड पट्टा आणि दुसऱ्या बाजूला कोरडे लाल मांस अशी विभागणी असलेला तुकडा परत ठेवावा. प्राइम प्रतीसाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही; अमेरिकेत चॉइस आणि कॅनडात एएए ही प्रत या कामाला पुरते. माणशी हाडासकट ४०० ते ४५० ग्रॅम धरावे, कारण हाड आणि वितळणारी चरबी गेल्यावर त्याच्या निम्म्याच्या आसपास पानात येते.

घरी आल्यावर वरचा चरबीचा जाड थर आणि त्याखालचा चंदेरी पापुद्रा धारदार सुरीने काढून टाकावा. हाडाला चिकटलेला पातळ पडदा मात्र राहू द्यावा, कारण मांस मऊ झाल्यावर त्याला हाडाशी धरून ठेवतो तो तोच.

प्रश्न : कृतीप्रमाणे सगळे केले, पण घाई असल्यामुळे गॅसवर मोठ्या आचेवर दोन तास उकळले. मांस चामड्यासारखे चिवट झाले. यजमानांचे म्हणणे आहे की जास्त शिजले; मला वाटते कमी शिजले. (एक वाचिका, एडमंटन)

उत्तर : तुमचे बरोबर आहे, आणि त्यांचेही अगदीच चूक नाही. बरगडीवरच्या या मांसात दोन गोष्टी एकाच वेळी घडत असतात आणि त्या एकमेकींच्या उलट दिशेने जातात. मांसाचे तंतू ६० अंश सेल्सिअसच्या पुढे आक्रसू लागतात आणि आतले पाणी पिळून बाहेर टाकतात. म्हणूनच पहिला तासभर शिजवलेले मांस कच्च्यापेक्षाही कडक लागते. याच तंतूंना बांधून ठेवणारे कोलॅजेन मात्र ७० अंशांच्या पुढे कुठे विरघळू लागते, आणि तेही सावकाश. त्याचे जिलेटिन होते, ते तंतूंच्या मधे पसरते आणि पाणी गेल्यामुळे आलेला कोरडेपणा झाकते. पायाच्या रश्श्याने ओठ एकमेकांना चिकटतात ते याच जिलेटिनमुळे. दोन तासांच्या सुमाराला पाणी निघून गेलेले असते आणि कोलॅजेन पुरते विरघळलेले नसते. तुम्ही नेमके त्या वाईट टप्प्यावर पातेले उतरवले.

तरी मग मोठी आच ठेवून लवकर का उरकू नये? कारण कोलॅजेन विरघळायला तापमानाइतकाच वेळही लागतो, आणि रटरटत्या उकळीत बाहेरचे तंतू मधल्या भागाच्या कितीतरी आधी कोरडे पडून सुटू लागतात. शिवाय जोराच्या उकळीने वितळलेली चरबी रश्श्यात घुसळली जाते. एरवी वर तवंग म्हणून आली असती आणि सहज काढता आली असती ती चरबी रश्श्यात मिसळून तो गढूळ आणि तेलकट करते. ओव्हनचा फायदा इथेच आहे. १५० अंशांच्या ओव्हनमध्ये झाकलेल्या पातेल्यातला रस ९० ते ९५ अंशांच्या आसपास राहतो आणि उष्णता केवळ बुडाकडून न येता चहूबाजूंनी येते, त्यामुळे तळाला लागण्याची भीती कमी. गॅसवरच करायचे असेल तर बुडाखाली जाड तवा ठेवून सर्वांत लहान आच ठेवावी आणि झाकण उचलल्यावर रश्श्यात इथे एक, तिथे एक असे मोजके बुडबुडे दिसत आहेत ना, एवढे पाहावे. सगळा पृष्ठभाग हलत असेल तर आच जास्त आहे.

शिजले की नाही हे घड्याळावरून ठरवू नये. तुकड्याच्या जाड भागात काटा खुपसून फिरवून पाहावा; मांसाने अडवले नाही आणि तंतू हळूच बाजूला झाले तर झाले. मांस हाडाच्या टोकापासून सुमारे दोन सेंटिमीटर मागे सरकलेले दिसते आणि हाड हाताने हलवले तर सैल लागते. थर्मामीटर असेल तर मांसाच्या आत ९३ ते ९६ अंश सेल्सिअस दिसायला हवे. हाड आपोआप गळून पातेल्याच्या तळाशी गेले असेल आणि मांसाचे कोरडे दोरे सुटत असतील, तर ते खरोखर जास्त शिजलेले.

तुमचे त्या दिवशीचे चिवट मांस वाया जायला नको होते. आच एकदम कमी करून, झाकण लावून आणखी तास-सव्वा तास ठेवले असते तर ते बहुतेक मऊ झाले असते. या पदार्थात शंका आली की वेळ वाढवावा, आच नव्हे.

प्रश्न : माझे मेव्हणे म्हणतात की आधी मांस परतल्याने त्याचा रस आत कोंडला जातो. खरे आहे का? (एक वाचक, टोरांटो)

उत्तर : नाही. ही समजूत १९व्या शतकातले जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांच्या काळापासून चालत आली आहे. परतलेल्या मांसातून रस गळतोच. पातेल्यात मांसाची चर्र चर्र चालू राहते ती त्या बाहेर येणाऱ्या पाण्याचीच.

परतायचे ते चवीसाठी. पृष्ठभाग १४० अंशांच्या वर गेला की तिथली प्रथिने आणि शर्करा यांच्यातल्या प्रक्रियेतून तो भाजल्याचा वास आणि गडद रंग तयार होतो, आणि पुढचे तीन तास तो रश्श्यात उतरत राहतो. ओल्या मांसाचा पृष्ठभाग पाण्याच्या उत्कलनबिंदूपलीकडे जात नाही, म्हणून आदल्या रात्री मीठ लावून उघडे ठेवणे आणि परतण्याआधी कागदी टॉवेलने टिपून घेणे या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. मिठाचे प्रमाण किलोला १० ते १२ ग्रॅम, म्हणजे चहाचे सपाट दोन चमचे. एका वेळी तीन-चारच तुकडे घालावेत आणि प्रत्येक बाजूला चार-पाच मिनिटे हात न लावता राहू द्यावेत. तळाला जी तपकिरी खरवड धरते ती जळू देऊ नये. वाइन ओतल्यावर लाकडी कालथ्याने ती सगळी खरवडून घ्यावी. रश्श्याची निम्मी चव तिथे असते.

प्रश्न : एवढा वेळ आणि गॅसचे बिल पाहता आपला प्रेशर कुकर काय वाईट? किती शिट्ट्या द्याव्यात? (एक वाचक, शिकागो)

उत्तर : कुकर वाईट नाही. शिट्ट्या मोजण्याची सवय मात्र इथे सोडावी. भारतीय कुकरमध्ये पूर्ण दाबाला तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत जाते आणि कोलॅजेन भराभर विरघळते. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून ४५ मिनिटे ठेवावे आणि नंतर दाब आपोआप उतरू द्यावा. चिमट्याने शिट्टी उचलून वाफ सोडली तर आतला रस एकदम खळखळून उकळतो आणि मऊ झालेले तंतू फाटून कोरडे होतात. विजेवर चालणाऱ्या भांड्यांत, उदाहरणार्थ इन्स्टंट पॉटमध्ये, दाब थोडा कमी असतो. तिथे ५० ते ५५ मिनिटे धरावीत.

फरक पडतो तो रश्श्यात. कुकरमधून जवळजवळ काहीच आटत नाही, म्हणून वाइन आधीच एक तृतीयांशापर्यंत आटवावी आणि स्टॉक अर्ध्या लिटरऐवजी एक कप घालावा. शिजल्यावर मांस बाहेर काढून, रस गाळून, उघड्या भांड्यात दाट होईपर्यंत आटवावा. ओव्हनमध्ये रश्श्याच्या वर राहिलेल्या मांसाला तीन तासांत आणखी एक भाजका रंग चढतो. तो कुकरमध्ये मिळत नाही. कामाच्या दिवशी मी कुकर लावते. पाहुणे यायचे असतील तर ओव्हन.

एक गोष्ट दोन्ही पद्धतींना लागू आहे. डब्यातल्या तयार स्टॉकमध्ये मीठ बरेच आणि जिलेटिन जवळजवळ नसते. बिनमिठाचा स्टॉक आणावा आणि रस आटवून झाल्यावरच मिठाची चव पाहावी, नाहीतर आटता आटता रस्सा खारट होतो.

प्रश्न : आमच्या घरी मद्य अजिबात वापरत नाही. शिजताना अल्कोहोल उडून जाते असे म्हणतात, पण खात्री नाही. वाइनऐवजी काय घालता येईल? आणि आपला मसाला घातला तर बिघडेल का? (एक वाचिका, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : अल्कोहोल पूर्णपणे उडत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या कोष्टकानुसार एक तास शिजवल्यावर सुमारे २५ टक्के आणि अडीच तासांनंतर सुमारे ५ टक्के शिल्लक राहते. प्रमाण अगदी थोडे आहे, पण ज्यांना तत्त्व म्हणून नको आहे त्यांना ही आकडेवारी सांगून पटवण्याचे कारण नाही.

वाइन या पदार्थाला तीन गोष्टी देते : आंबटपणा, फळाचा किंचित गोडवा आणि तुरटपणा. यांतली पहिली सर्वांत महत्त्वाची, कारण एवढ्या चरबीच्या मांसाला आंबटाची जोड नसली की चार घासांनंतर तोंड मिटते. बिनवाइनची माझी पद्धत अशी आहे. स्टॉक पाऊण लिटर घ्यावा, टोमॅटो पेस्ट दोनऐवजी तीन मोठे चमचे घेऊन चांगली विटकरी रंगाची होईपर्यंत परतावी आणि बिनसाखरेचा डाळिंबाचा रस एक कप निम्मा आटवून घालावा. डाळिंबात आंबटपणा आणि तुरटपणा दोन्ही असल्याने वाइनची जागा ते बऱ्यापैकी भरून काढते. द्राक्षाचा रस घालू नये. तो आटला की रस्सा गोडमिट्ट होतो. चिंचेचा कोळ चालतो, पण एका मोठ्या चमच्यापेक्षा जास्त नको आणि तो शेवटच्या अर्ध्या तासात घालावा.

मसाल्याबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण असाच प्रश्न आणखी पत्रांत आहे. भारतीय मसाला इथे वर्ज्य मुळीच नाही, परंतु आपण मटणाच्या रश्श्याला घालतो तसा दोन-तीन चमचे दळलेला मसाला घातला, तर तीन तासांत त्यातले सुगंधी तेल उडून जाते, मागे कडवटपणा आणि पिठूळपणा उरतो आणि गाळलेला रस गुळगुळीत राहत नाही. अख्खा मसाला घालावा, तोही हात आखडून : दालचिनीचा एक तुकडा, दोन लवंगा, आठ-दहा काळी मिरी आणि दगडफुलाची एक पाकळी. दगडफुलाचा मातीसारखा वास या मांसाला फार चांगला जमतो, आणि थाइम काढून टाकले तरी उणीव भासत नाही. लवंग दोनाच्या पुढे गेली की बाकी काही लागत नाही. तिखट हवे असेल तर बिया काढलेल्या दोन ब्याडगी मिरच्या कांद्याबरोबर परताव्यात. खोबरे आणि कांद्याचे वाटण मात्र इथे नको. रश्श्याला दाटपणा जिलेटिनचा येणार आहेच. त्यावर वाटणाचा दाटपणा चढवला की ताटात लगदा येतो.

प्रश्न : आमच्याकडे गोव्यात बीफचा रोस्ट पिढ्यान्‌पिढ्या होतो. तुमची कृती त्याच्या जवळचीच वाटली. इथल्या मांसावर ती करता येईल का, आणि विनेगर घालावा का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : जवळचीच आहे. आले, लसूण, मिरी, मीठ आणि विनेगर लावून मुरवलेला मांसाचा मोठा तुकडा अख्ख्या मसाल्यावर परतायचा आणि थोड्याशा पाण्यात झाकून सावकाश शिजवायचा, हे गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतले तंत्र आणि वाइनमधल्या शॉर्ट रिब्जचे तंत्र मुळात एकच आहे.

फरक मांसात आहे. उत्तर अमेरिकेतली मांसासाठी वाढवलेली गुरे शेवटचे काही महिने धान्यावर पोसलेली आणि साधारण दीड-दोन वर्षांची असतात, त्यामुळे त्यांच्या मांसात चरबी बारीक रेषांनी पसरलेली असते. गोव्याच्या बाजारात येणारे जनावर बहुधा वयाने मोठे आणि अंगाने सडसडीत असते. वय वाढते तसे कोलॅजेनचे धागे एकमेकांना अधिक घट्ट जोडले जातात आणि विरघळायला जास्त वेळ घेतात. तेव्हा ओव्हनमध्ये तीनऐवजी चार ते साडेचार तास धरावेत आणि परतताना दोन मोठे चमचे तेल किंवा चरबी जादा घ्यावी. शॉर्ट रिब्ज म्हणून मागितल्या तर तिथला खाटीक कदाचित बुचकळ्यात पडेल. छातीकडच्या बरगड्या, दोन-अडीच इंच लांब, प्रत्येक तुकड्यात एक हाड, असे सांगून कापून घ्याव्यात. बरगडी मिळाली नाही तर पायाच्या वरच्या भागातला, नळीसकट आडवा कापलेला तुकडा घ्यावा. त्यात कोलॅजेन भरपूर असते.

माडाचा विनेगर जरूर घालावा. वाइन वगळून एक मोठी वाटी स्टॉकमागे एक मोठा चमचा विनेगर सुरुवातीला आणि एक लहान चमचा उतरवताना, असा दोनदा घालावा. सुरुवातीचा शिजून गोलाई देतो, शेवटचा वास देतो. विनेगरमध्ये मांस रात्रभर मात्र बुडवून ठेवू नये. पृष्ठभागाचा पोत बदलतो आणि परतताना रंग धरत नाही. दोन तास मुरवणे पुरे.

प्रश्न : महाराष्ट्रात हे कसे करणार? मटणावर जमेल का? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीचा त्या बंदीत समावेश नाही, पण म्हशीचे मांस चरबीने कमी असते आणि ही कृती त्यावर तितकी खुलत नाही. बोकडाच्या मटणावर मात्र ती उत्तम होते, थोडे बदल केले तर.

खाटकाकडून खांदा आणि सीना घ्यावा, तुकडे नेहमीच्या दुप्पट मोठे करून घ्यावेत. मांडीचे मांस घेऊ नये. ते कोरडे पडते. वाइन निम्मी, म्हणजे एक-दीड पेला पुरते, कारण बोकडाच्या मांसाची चव वाइनखाली लगेच दबते. वेळ दोन ते अडीच तास. राहिला रश्श्याचा दाटपणा. बरगडीचे बीफ तो स्वतःच देते, मटण देत नाही. त्यासाठी बोकडाचे दोन भाजलेले, साफ केलेले पाये आधी कुकरमध्ये तासभर शिजवून घ्यावेत आणि ते पाणी स्टॉक म्हणून वापरावे. बाजारातला कोणताही तयार स्टॉक याच्या जवळपास येत नाही.

प्रश्न : सासूबाई नागपूरहून तीन महिन्यांसाठी आल्या आहेत. त्या मटण खातात, बीफ खात नाहीत. मुलांना तर शॉर्ट रिब्ज हव्यात. एकाच ओव्हनमध्ये दोन्ही केले तर चालेल का? (एक वाचिका, बॉस्टन)

उत्तर : स्वयंपाकाच्या दृष्टीने चालेल, कारण लँब शँक्स म्हणजे मेंढीच्या नळ्या अगदी याच तापमानाला आणि साधारण याच वेळात, अडीच ते तीन तासांत, शिजतात. दोन पातेली, दोन चिमटे, दोन कालथे; घट्ट झाकणे असली तर एकाचा रस दुसऱ्यात जायचा प्रश्न नाही. भाज्या आणि वाइन एकत्र परतून दोन्हींत वाटून घेतल्या तर कामही फारसे वाढत नाही, फक्त बीफची चरबी भाज्यांना वापरू नये.

परंतु चालेल की नाही हे ठरवणाऱ्या तुमच्या सासूबाई आहेत, मी नव्हे. त्यांना आधी सांगावे, आणि तेही आदल्या दिवशी, जेवायला बसल्यावर नव्हे. काहींना वेगळे भांडे पुरते, काहींना त्याच ओव्हनमधला वाससुद्धा नकोसा होतो, आणि दोन्ही गोष्टी समजण्यासारख्या आहेत. संकोच दिसला तर त्या तीन महिन्यांत घरात शँक्सच कराव्यात. मुलांना हाडावरचे मऊ मांस हवे आहे, ते त्यातही मिळते, आणि रस्सा फक्त किंचित हलका होतो.

प्रश्न : रश्श्यावर बोटभर तेल आले. काढायचे कसे? आणि उरलेले किती दिवस टिकते? (एक वाचक, कॅल्गरी)

उत्तर : शॉर्ट रिब्जमधून तेवढी चरबी सुटतेच. त्याच दिवशी वाढायचे असेल तर मांस बाहेर काढून, रस उंच भांड्यात गाळून दहा मिनिटे स्थिर ठेवावा आणि वरचा तवंग पळीने काढावा. त्याहून चांगला मार्ग म्हणजे हा पदार्थ आदल्या दिवशी करणे. गाळलेला रस आणि मांस एकत्र, उथळ भांड्यात निववून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे. सकाळी चरबीचा पांढरा, टणक थर थिजलेला असतो. तो सुरीच्या टोकाने कडेने सैल केला की अख्खा उचलता येतो. खालचा रस्सा थरथरत्या जेलीसारखा झालेला असेल तर जिलेटिन पुरेसे उतरले आहे असे समजावे. पातळच राहिला असेल तर गरम करताना आणखी आटवावा. मैद्याने किंवा कॉर्नफ्लोअरने दाट करण्याच्या फंदात पडू नये; त्याने चव बोथट होते.

पुन्हा गरम करताना मांस रश्श्यात ठेवून, झाकून, १५० अंशांवर अर्धा तास ठेवावे आणि शेवटची दहा मिनिटे झाकण काढून चमच्याने रस्सा वरून घालत राहावे. मांसावर चकाकी येते. वरून किसलेली लिंबाची साल, बारीक चिरलेला पार्स्ली आणि कच्च्या लसणाची एक पाकळी एकत्र करून भुरभुरवावी, किंवा नुसता विनेगरमध्ये अर्धा तास बुडवलेला कांदा द्यावा. सोबत कुस्करलेले बटाटे नेहमीचे झाले. ज्वारीची भाकरीही याबरोबर फार चांगली लागते, कारण तिला स्वतःची गोडी असते आणि ती रस्सा शोषून घेते. भात मात्र लांब दाण्याचा, मोकळा नको.

फ्रिजमध्ये ४ अंशांच्या खाली हे तीन ते चार दिवस टिकते. फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने ठेवता येते. हाडे काढून टाकावीत, मांस पूर्ण बुडेल एवढा रस्सा वर घालावा, कारण उघडे राहिलेले टोक कोरडे पडते, आणि काढायच्या आदल्या रात्री डबा फ्रीझरमधून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. उरलेले थोडेच असेल तर मांस हाताने सोडवून, रश्श्यासकट तव्यावर जवळजवळ कोरडे होईपर्यंत परतावे आणि लोण्यावर भाजलेल्या पावात भरून द्यावे.